ठोक्यांमधला फरक

परळच्या हॉस्पिटलात, ओपीडीच्या मागच्या जिन्याखाली
आमची खोली. आधी तिथे फिनेलचे डबे असत.
आता एक पलंग, एक ईसीजीचं मशीन,
आणि मी, अकरा महिन्यांच्या करारावर.
पंखा बंद ठेवते. कागद उडतो.

सहभागी क्रमांक सत्तेचाळीस: चेऊलकर, दामोदर.
वय त्रेसष्ट. साखर एकोणीस वर्षांची.
"तुमच्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल,"
संमतिपत्रावर सही करता करता म्हणाले.
व्यवसाय: घड्याळदुरुस्ती. दुकान लालबागला,
तेही जिन्याखालीच.

डोळे मिटा म्हटलं. नायलॉनचा धागा,
दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा,
अंगठ्याला टेकवला, टाचेला, करंगळीखाली.
लागला की 'हो' म्हणायचं.
ते थांबून राहिले, पलीकडे कुणी फोन उचलायची वाट बघावी तसे.
दहा जागा. दोनदा 'हो' आला,
त्यातला एक मी टेकवण्याआधीच.

मग डाव्या तळव्यात, घट्ट्याच्या कडेला,
काहीतरी चमकलं. चिमट्याने काढलं.
रक्त नावापुरतं.
तळहातावर घेऊन ते कितीतरी वेळ बघत राहिले.
"भिंतीवरच्या घड्याळाचा स्क्रू.
मंगळवारपासून शोधतोय.
सगळ्या फरशीवर चुंबक फिरवलं,
पोरावर ओरडलो."
तो शुक्रवार होता.

पुढची तपासणी हृदयाची. मिनिटाला सहा श्वास.
मी हात वर नेला की आत, खाली आणला की बाहेर.
कागद सरकत राहिला,
टोकं सगळी सारख्या अंतरावर.
श्वास आत: ब्याण्णव. श्वास बाहेर: एक्क्याण्णव.
त्यांनी मान वाकडी करून पाहिलं आणि चेहरा उजळला.
"बघा! इकडचा काटा तिकडे नाही.
असं घड्याळ मी गॅरंटीवर देतो."

हे सांगायचं काम डॉक्टर मुकादमांचं.
त्यांची पाच वाक्यं मला पाठ आहेत.
पण ते वॉर्डात होते, आणि काका माझ्याकडे बघत होते.
म्हटलं, काका, काळीज इतकं अचूक नसावं.
श्वास घेताना त्यानं जरा धावावं, सोडताना रेंगाळावं.
पायांच्या नसा गेल्या, तशाच हृदयाच्याही जातात.
मग त्याला कळत नाही
तुम्ही जिना चढताय की पडून आहात.

"म्हणजे चालतंय, पण कुणाचं ऐकत नाहीये."
शेऱ्याच्या रकान्यात यासाठी जागा नव्हती.

"तुमचं दाखवा."
निरोगी माणसं कमी पडत होती म्हणून
एकशे बारा क्रमांकावर मी आहे.
ड्रॉवरमधून कागद काढला. टोकं कुठे दाटलेली, कुठे विरळ.
त्यांनी नखानं अंतरं मोजली.
"हे माझ्याकडे आलं असतं ना,
तर पहिलं खोलून ठेवलं असतं."
आधी ते हसले. मी जरा उशिरा.

छातीत दुखलं तर लगेच या,
हे आम्ही सगळ्यांनाच सांगतो.
त्यांना सांगताना मध्येच अडखळले.
दुखलंच नाही तर?

सहा महिन्यांनी फोन उचलेनात.
'संपर्क तुटला' असं लिहायचा रकाना आहे,
तो भरण्याआधी शनिवारी लालबागला गेले.

दुकान उघडं होतं.
चेऊलकर स्टुलावर, डावा पाय उजव्या मांडीवर,
डोळ्याला घड्याळजीचं भिंग,
आणि तळवा असा बघत होते,
इंच इंच, दिव्याखाली धरून,
जसं कुणाचं उघडलेलं मशीन.
फोन काउंटरवर पडलेला, चार्जिंग संपून.
वर न बघता एक बोट उचललं: थांबा.

मी थांबले. भिंतीवर वीस-बावीस घड्याळं,
एकाचा ठोका दुसऱ्याशी जुळत नव्हता.

"डाव्याचं झालं," म्हणाले,
आणि दोन्ही हातांनी उजवा पाय उचलला.