पंखा

इकेजाच्या कॉम्प्युटर बाजारात
ओसिता झाकण काढून आतडी दाखवतो:
चोवीस कोअर, चौसष्ट जीबी,
विटेएवढं ग्राफिक्स कार्ड.
"सिनेमा लोण्यासारखा कापला जाईल, मॅडम."

एबिएरे वाकते, पंख्याशी कान नेते.
नको. पुढचं.
तेही घुं घुं करतं.

ओसिता हसतो, "रस्ताभर जनरेटर धडधडताहेत,
अन् तुम्हाला हा ऐकू येतो?"
"ते बाहेर आहेत."

अकरा तासांचं फुटेज आहे तिच्याकडे,
धुरावर मासे धरणारी आई.
शेवटच्या तासात ती इतकं हळू बोलते
की

चौथ्या मशीनपाशी एबिएरे वाकून राहते
बराच वेळ,
मग पर्स उघडते.

रिक्षात खोकं मांडीवर.
खड्डा आला की
दोन्ही हात आपोआप त्याच्याभोवती.