छाट

मार्कांच्या कागदावर चार रकाने :
आशय, भाषा, सादरीकरण, छंद.
परीक्षक मी एकटाच. दुसरे उन्हामुळे आले नाहीत.

सोळावा नंबर. भूमेश बोद्धूल, विडी घरकुल.
हातात कागद नाही, माईक ओठाला चिकटलेला.
"सर, कविता नाय, रॅप हाय. चालतंय की?"
बघू, म्हणालो.

मग तो सुटला.
आईची बोटं, तंबाखूचा खाट, हजाराला किती,
कारखान्यातला चेकर जुडी दाबून बघतो
हलकी म्हणतो, छाट म्हणतो
छाटलेली परत देत नाही
मग ओढतो कोण, सांग ओढतो कोण –
मध्येच एक ओळ तेलुगूत गेली
मागच्या बायका हसल्या.
मला कळलं नाही का ते.

टेबलाखाली माझी बोटं मात्रा मोजत होती,
चाळीस वर्षांची खोड.
आठ, आठ, सात...
म्हटलं, सापडला.
पण तो चुकला नव्हता, श्वास घेत होता.
पुढच्या ओळीत ती मात्रा त्यानं फेडली,
वर थोडं व्याज.

तेवढ्यात लाईट गेली.
पंखे रेंगाळत थांबले. त्याचा आता नुसता गळा,
आणि मागे कुणीतरी बाई
रिकाम्या सुपावर बोटांनी
ठेका धरून.

रात्रीचे साडेअकरा. आयोजकांचा दोनदा फोन :
सर, रॅप कवितेत धरायचा का?

तीन रकाने भरलेत.
कागद चिमटीत धरून
मी दाबून बघतोय.
हलका लागत नाही.