एक्स-रे विभाग : ४१२ पावलं

ओउलूच्या इस्पितळात लिफ्टशेजारी
एक निळी पाटी लागली :
एक्स-रे विभाग, ४१२ पावलं. चालत जा.

मी मोजली. दोनशे नव्वद भरली.
बिलिंगच्या तूलिक्कीची तीनशे पाच.
कॅन्टीनची पाटी तर त्याहून खोटी निघाली.
सरकारी हिशेब, म्हणत आम्ही हसलो,
आणि मोजण्याच्या नादात
आठवडाभर लिफ्टचं बटण कुणी दाबलं नाही.

बाहेर उणे सव्वीस, दुपारी दोनलाच दिवेलागण.
तळघरातला लांब बोगदा तेवढा उबदार.
तिथेच एकदा राइमो दिसला,
इमारतीचे दिवे, नळ, कुलपं सांभाळणारा.
डावा गुडघा आखडलेला,
एक आखूड पाऊल, मग ओढून आणलेलं दुसरं,
ओठांत आकडे.
"तीनशे अठ्ठ्याण्णव. बोलू नकोस, चुकेन."

आता तो निवृत्त झालाय.
ऑफिसने विचारलं, पाट्या दुरुस्त करायच्या का?
कुणीच उत्तर पाठवलं नाही.

काल एक म्हातारी पाटीपाशी थबकली,
हातात काठी, पिशवीत नवऱ्याच्या सपाता.
"चारशे बारा? झेपेल मला?"
चला, म्हटलं, मीही तिकडेच निघालोय.
(निघालो नव्हतो.)
ती मोठ्याने मोजत होती,
मी तिच्या चालीने चालत होतो.

दारापाशी पोचलो तेव्हा
तिची चारशे नऊ झाली होती.
उरलेली तीन
तिने जागच्या जागी टाकली.