फोनवरची मी

नियम पहिला: पेशंट "मी" म्हणाला की आपणही "मी" म्हणायचं.
"ती म्हणते", "तो म्हणतो" असलं काही नाही.
मध्ये आपण नसतोच, असं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं
आणि पाण्याचा ग्लास उजेडात धरून दाखवला होता.

म्हणून आज सकाळी साडेआठला
ट्रॉन्हाइममध्ये, माझ्या स्वयंपाकघरात,
कानाला हेडफोन, पायात दोन जोड मोजे,
मी रात्रीतून पाच वेळा लघवीला उठलो.
नऊला मला तिसरा महिना होता, नवऱ्याला अजून सांगितलं नव्हतं.
साडेनऊला मी मासळीच्या कारखान्यात घसरलो,
मनगट सुजलं, पण सुट्टी नको, डॉक्टर, सुट्टी नको,
कागदावर फक्त "बरा आहे" लिहा.
मधल्या वेळात मी चहा गाळला.
खाली बर्फ ओढणारी गाडी येऊन गेली.

दहाला बूडोहून फोन.
"दुभाषी क्रमांक चारशे सतरा." नाव सांगायचं नसतं.
पलीकडे खुर्ची सरकली,
मग एक म्हातारा आवाज, आणि त्या आवाजात
सेनाफेचे हेल, आमच्याच गल्लीतले,
शब्दाच्या शेवटी जरा थांबणारे,
उंबऱ्याशी चप्पल काढून आत यावं तसे.

काय होतंय, डॉक्टरने विचारलं.
"पोटात खड्डा पडलाय," मी म्हणाले.
कधी? जेवणाआधी की नंतर?
"धाकटीचा फोन येतो ना, त्यानंतर."
बराच वेळ नुसता टाइप केल्याचा आवाज.

साखर चढलेली. इन्सुलिनच्या पेनांचा
दुकानातला हिशेब बरोबर,
रक्तातला जुळत नाही.
पेनं जातात कुठे?

मग अगदी हळू, पदराआडून बोलावं तसं, माझ्या कानात:
"पोरी, निम्मी मी धाकटीला धाडते. अदिस अबाबाला.
जाणारं कुणी मिळालं की.
साखर तिलाही आहे, पण तिच्याकडे कागद नाहीत.
हे हिला सांगू नकोस हं."

नियम दुसरा: कानावर पडेल ते सगळं पलीकडे पोचवायचं.
मी पाणी प्यायले.
चार सेकंद. फोनवर चार सेकंद म्हणजे लाइन गेलीच.
"हॅलो?" डॉक्टर म्हणाली.
मी सांगितलं. धाकटी, अदिस, कागद,
आणि शेवटी नॉर्वेजियनमध्ये, तिच्याइतकंच हळू,
"हे हिला सांगू नकोस हं."

ओरडेल असं वाटलं होतं.
तिने विचारलं, वाटेत ती पेनं थंड कशी राहतात?
"ओल्या फडक्यात," मी म्हणाले. "आणि देवावर."

म्हातारीने मध्येच "अदिस" ऐकलं असणार.
"सांगितलंस ना?"
"सांगितलंस ना?" मी डॉक्टरला विचारलं.
"मी? मी कुणालाच सांगणार नाही," डॉक्टर घाईने म्हणाली.
"मी कुणालाच सांगणार नाही," मी म्हणाले,
आणि माझेच कान गरम झाले.

पुढची तारीख ठरली. नर्स घरी येऊन बघेल म्हणाली.
फोन ठेवता ठेवता म्हातारी:
"कुणाची गं तू?"

तेही पलीकडे नेलं.
डॉक्टरला वाटलं, प्रश्न तिलाच आहे. जरा हसली.
"मी सिग्रुनची. स्टाइनशेरची. गायी होत्या आमच्याकडे."
"मी सिग्रुनची," मी आमच्या भाषेत म्हणाले,
"स्टाइनशेरची. गायी होत्या आमच्याकडे."

"हं," म्हातारी म्हणाली.
सेनाफेत असं "हं" म्हणतात तेव्हा
पटलेलं काही नसतं.
"मग आता गायी बऱ्या आहेत ना?"

"विकल्या," डॉक्टर म्हणाली.
"विकल्या," मी म्हणाले.
दोन माझ्या वाटखर्चात गेल्या, तिसरी भावाच्या.
ते कुणी विचारलं नव्हतं.

सव्वीस मिनिटं, बिलात लिहिलं.
अकराला मला जुळं होणार होतं.