इतिवृत्ताबाहेर

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे.
म्हणून आधी हजेरी: एकतीस फॅमिली डॉक्टर,
दोघांचे निरोप, एकजण स्वतःच तापाने पडलेला,
आणि टालिनहून आलेला सल्लागार राइको,
ज्याच्या पांढऱ्या बुटांवर
अजून कुठल्या अंगणातलं कुत्रं भुंकलं नव्हतं.

स्थळ: हाप्सालू, समुद्राकाठचं हॉटेल.
खालच्या मजल्यावर औषधी चिखलाचे हौद,
गुडघे दुखणारी माणसं तिथे गळ्यापर्यंत निवांत.
वरच्या मजल्यावर आम्ही,
पुढच्या दहा वर्षांत गळ्यापर्यंत.

राइकोने चिठ्ठ्या वाटल्या.
हिरव्या: बलस्थानं. गुलाबी: उणिवा.
पिवळ्या तो विसरला होता,
म्हणून संधीही गुलाबीवरच लिहिल्या.
(संध्याकाळी भिंतीवरून सोलताना
उणीव कुठली आणि संधी कुठली, कोणालाच सांगता येईना.
हे मी लिहिलं नाही.)

"डोळे मिटा," तो म्हणाला, "दोन हजार पस्तीस साल आहे.
काय दिसतंय?"
आम्ही मुकाट मिटले.
त्यातले तिघे खरोखरच झोपले, रात्रपाळीचे.
मी हिशोब मांडला:
सरासरी वय अठ्ठावन्न, मिळवले दहा.
हातचा धरायला कोणी नव्हतं.

हेल्यू, हीउमा बेटावरची, वय बाहत्तर.
तिच्या गुलाबी चिठ्ठीवर फक्त आकडा: १४१२.
"हा खर्च का?" राइकोने विचारलं.
"नाही, माणसं.
माझी यादी. तीनदा जाहिरात दिली, अर्ज शून्य."
तो म्हणाला, छान, हे 'धोके' मध्ये टाकू.

मग एक तास चाळीस मिनिटं
'सर्वांसाठी' हा शब्द वाक्याच्या आधी की शेवटी.
वाक्य अखेर असं झालं की
त्यावर ना कोणी भांडेल, ना कोणी दार उघडेल.

तेवढ्यात हेल्यूचा फोन. ती खिडकीशी गेली.
"पांढरी नको. पाण्याची गोळी, अर्धी, आत्ताच.
किती उशा घेतोस? तीन?
बूट चढतायत का पायात?
नाही, मांजर मेलं म्हणून नाही, एर्विन, ऐक माझं."
एकतीस माणसं गप्प.
शेजारचा पुटपुटला: हृदय थकलंय.
पलीकडची: एकटाच राहतो.
त्या सबंध दिवसात
आमचं एवढ्या बाबतीत एकमत झालं.

"कुठे होतो आपण?" ती परत येऊन म्हणाली.
"ध्येय क्रमांक तीन."
"हं. ऐका, समुद्र गोठला की आमच्याकडे
बर्फावरून रस्ता होतो. त्याचे नियम आहेत.
सीटबेल्ट लावायचा नाही,
बुडालोच तर दार उघडून उडी मारता यावी म्हणून.
हळू चालवा, चालेल. जोरात, तरी चालेल.
मधल्या वेगाने गेलात
तर बर्फाखाली लाट उठते, आणि तीच रस्ता फोडते.
तुमचा आराखडा मधल्या वेगाचा आहे."
थांबली. मग स्वतःशीच:
"आणि हल्ली समुद्रही नीट गोठत नाही म्हणा."

राइकोने फळ्यावर लिहिलं: वेग.
पुढे प्रश्नचिन्ह काढलं, पुसलं, पुन्हा काढलं.
ठराव मंजूर: बाजूने सव्वीस, तटस्थ चार,
एक झोपेत.

खुर्च्या उचलायला आलेली शिकाऊ पोरगी, लीसबेट,
जिना उतरताना हेल्यूला म्हणाली,
रोहुकुलाहून शेवटची फेरी कितीला? नुसतं विचारलं.
"साडेसहा. कुत्र्यांना भितेस का?"
"थोडी."
"थोडी म्हणजे किती?"
पुढचं ऐकू आलं नाही, खाली चिखलाचे पंप सुरू होते.

सभा समाप्त, पाच वाजून दहा मिनिटं.
पुढच्या वेळी:
पिवळ्या चिठ्ठ्या आणणे.