एकेचाळिसावी चाल

रात्रीचे पावणेबारा.
केसांतून भट्टीचा वास अजून गेलेला नाही.
मी हरलेला डाव पुन्हा उघडते.

दिवसभर उद्यमनगरात दुसऱ्यांचं काम नाकारते.
व्हर्नियर, बोअर गेज, डोक्यावर फडफडणारी ट्यूब,
तीन शतांश मिलिमीटर इकडंतिकडं
की लाल रंगाचा ठिपका, आणि माल बाजूच्या ट्रेमध्ये.
टर्नर पोरं म्हणतात, मॅडम, जरा डोळे झाका की.
आता यंत्र माझ्या चालींवर ठिपके देतंय
आणि मीच म्हणते, बाबा, जरा डोळे झाक की.

अकरावी, पिवळा. खरंय, उंट उगाच मागं घेतला.
तेविसावी, लाल, वर दोन प्रश्नचिन्हं.
इथं घोडा अडीच घरं उडवून मी कडेला नेला,
जिथून पुढच्या एकाही घरात त्याला सुख नव्हतं.
चार सेकंदांत खेळले. चार.
कुकरच्या शिट्ट्या मोजत होते,
इरावती आतून सतराचा पाढा विचारत होती.
असलं कारण मी कुठल्या टर्नरकडून ऐकून घेतलं असतं का?

समोरचा कोण, ठाऊक नाही.
नावाच्या जागी कसलासा मासा आणि चार आकडे,
झेंडा निळा-पांढरा. तिथं तेव्हा दुपार असावी.

एकेचाळिसावी.
त्याचं काळं प्यादं वजीर व्हायला एक पाऊल.
माझ्या घड्याळात दोन मिनिटं दहा सेकंद शिल्लक
आणि मी डाव सोडला.
यंत्र इथं ठिपका देत नाही.
नुसता आकडा लिहितं: शून्य पूर्णांक शून्य शून्य.

चष्मा पुसला. परत बघितलं.
काटा शून्यावर थांबला की त्याला काय म्हणायचं
हे मला कुणी शिकवायला नको.

बरोबरी होती.
वजिराचा ई-आठवर शह, राजा बाजूला सरकतो.
एच-पाचवर शह, राजा परत.
ई-आठ. एच-पाच. ई-आठ.
आणि ते प्यादं तिथंच, एक पाऊल अलीकडं,
वजिराची वस्त्रं शिवून तयार, घालायला सवड नाही.

दस्तगीर शिकलगार असते तर हसले असते.
जुन्या शॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत
खोक्याच्या फळीवर खडूनं घरं आखून त्यांनी शिकवलं:
नट म्हणजे प्यादी, बुश म्हणजे हत्ती,
वाकडी एलन की घोडा,
राजा म्हणून रिजेक्ट झालेली एक पिस्टन पिन.
तरुणपणी गंगावेशीत आखाड्याची माती खाल्लेला माणूस.
मी हात वर केले की म्हणायचे,
"पाठ लागली का? न्हाई न्हवं?
मग पंचाच्या आधी तूच कशाला शिट्टी मारतीस?"
आता मिरजेला असतात, लेकाकडं. ऐकू कमी येतं.

गंमत म्हणजे त्या माशालाही दिसलं नव्हतं.
त्यानं लगेच लिहिलं होतं, छान खेळलात.
म्हणजे समुद्रापलीकडं एक आणि इकडं एक,
दोघांनी मिळून ठरवलं की मी हरले,
आणि पटावर तसं काहीच नव्हतं.

मार्चमधली सुपरवायझरची मुलाखत आठवते.
बाहेरच्या बाकावर सात पुरुष बसलेले.
मी वाकून सँडलचा बंद नीट केला
आणि जिना उतरले.
खाली येऊन कटिंग चहा घेतला, तोही गार होता.
त्याची कुठं नोंद नाही.
तो डाव घालून बघायला यंत्र नाही.

फोन लावायला आता उशीर झालाय,
आणि लावला तरी त्यांना सांगणार काय, ओरडून, एवढ्या रात्री?

काचेवर बोट ठेवते.
ई-आठ. राजा सरकतो.
एच-पाच.
खालून दुधाची पहिली गाडी गेली.
ई-आठ.