कोर्दोबाचा टाका

कंपनीनं पाठवलं होतं अर्जेंटिनाला, पंधरा दिवस,
पंपाच्या कास्टिंगला भोकं सरळ पडली का ते मोजायला.
रविवारी हॉटेलच्या दारात पिवळी बस लागायची,
सहा तासांत अख्खं कोर्दोबा, जेवणासकट.
पहिल्या रविवारी बसलो.
चर्च बघितलं, चौक बघितला, घोड्यावरचा पुतळा बघितला,
आणि प्रत्येक वळणावर, काचेतनं,
निसटून जाणारी एक गल्ली.

दुसऱ्या रविवारी बस गेली, मी नाही.
नकाशा खोलीतच ठेवला.
दोन चौक चाललो नसेन
तोवर उजव्या चपलेचा अंगठा तुटला.

हसा आता.
एक कोल्हापूरकर, एका पायावर, भर दुपारी,
दुकानं बंद, माणसं झोपलेली,
कुत्र्यालासुद्धा भुंकायची हौस नाही.

फरफटत शिरलो तिथं, जिथं बस कधी वळली नसती.
अर्ध्या वर केलेल्या शटरखाली एक म्हातारा
रेडिओवर मॅच ऐकत टाच ठोकत होता.
एवारिस्तो. छातीवर बोट ठेवून सांगितलं त्यानं.
मीही छातीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, कोल्हापूर.
गडबडीत माझं नाव राहिलंच.

चप्पल उलटी केली. वास घेतला.
खिळा शोधला. नव्हता.
पुन्हा शोधला.
मग चष्मा कपाळावर सारून माझ्याकडं बघितलं,
जसं काही मीच ती शिवलीय.
चामड्याची वादी नव्हती त्याच्याकडं,
मेण लावलेला लाल दोरा होता.
पैसे घेतले नाहीत.
धड असलेली चप्पलही काढायला लावली
आणि नुसता बघत बसला.

कुणी केली? हातांनीच विचारलं.
मला काय ठाऊक?
पापाची तिकटी ठाऊक, दुकान ठाऊक,
दोनशे रुपये पाडून मागायचं ठाऊक.

आपल्याकडंही येतात की बसा.
अंबाबाई, नवा राजवाडा, रंकाळा,
मग चपलांच्या दुकानासमोर वीस मिनिटं.
खरं सांगू?
चाळीस वर्षं मीही त्याच बसमध्ये होतो,
फक्त तिकीट काढलं नव्हतं.

परत आल्यावर दुकानदाराला विचारलं, कुठनं येतो माल?
येतो की, म्हणाला.
आठ नंबर दाखवू का नऊ?
तेवढ्यात पोतं टाकून एक पोरगा सायकल वळवत होता,
त्याच्या मागं निघालो.

सुभाषनगर. माझ्या कारखान्यापासनं दहा मिनिटं.
दारोदारी तळ वाळत घातलेले, बाभळीच्या सालीचा वास,
आणि एका उंबऱ्यावर शेवंताबाई,
मांडीवर वेणी विणतायत, नजर रस्त्यावर,
बोटांना बघावं लागतच नाही.
चप्पल दाखवली.
त्यांनी पट्टीवरनं बोट फिरवलं आणि हाक मारली आत,
अहो, ही आपलीच नव्हं?

सत्याप्पा आले, हातात रापी तशीच.
पट्टी बघितली नाही, कान बघितले नाहीत,
थेट लाल दोऱ्याशी थांबले.
हे कुणी केलं?
कोर्दोबा, म्हणालो.
कुठला तालुका?
लांब आहे, म्हणालो.
मान डोलावली. आमचं कोण न्हाई तिकडं.

मग उन्हात धरली, आरीच्या टोकानं
एकेक टाका मोजल्यासारखा केला.
हात चांगलाय, म्हणाले.
डावखुरा हाय गडी.

अर्धा तास बसलो होतो त्या माणसासमोर.
रेडिओ आठवतो, शटर आठवतं,
पेटीवर मांजर होतं तेही आठवतं.
हातोडी कुठल्या हातात होती,
कितीही आठवलं तरी दिसेना.

चहा आला. वादी भिजत पडली होती पाटीत.
बदलून देऊ का, विचारलं त्यांनी,
आणि मी काही बोलायच्या आत
स्वतःच म्हणाले, ऱ्हाऊ दे.